मेजरचा कणा

सकाळी सव्वासहाला मेजर गेला.

आप्पांचा फोन आला तेव्हा मी डब्याची भाजी टाकत होते. ते एवढंच म्हणाले, "गेला गं." मग फोन तसाच चालू राहिला. पलीकडून लिंबावरच्या कावळ्यांचा आवाज येत होता.

"डॉक्टरांना कळवलं काय?" मी विचारलं.

"तू ये आधी."

मी गॅस बंद केला आणि आधी डॉक्टरांनाच फोन लावला. जनावरांच्या डॉक्टर, डॉ. रेश्मा मुजावर, इचलकरंजीत एका गोठ्यावर होत्या. म्हणाल्या, "मी इथलं उरकून नऊपर्यंत पोचते. तोवर सावलीत ठेवा, पाठीवर बर्फ ठेवा. आणि ताई, मी येईपर्यंत पुरू नका. सगळं त्याच्यावर आहे."

दुसरा फोन मी उल्हासला केला. उल्हास माझा धाकटा भाऊ. तो उचगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. आप्पांच्या घरापासून स्कूटरनं दहा मिनिटांचा रस्ता. पण आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून त्यानं त्या घराचं फाटक ओलांडलं नव्हतं. आप्पांनीच त्याला तसं सांगितलं होतं.

"गेला?" उल्हास म्हणाला. "डॉक्टर यायला लागल्यात न्हवं?"

"यायला लागल्यात."

"मग मीबी येतो. फाटकाबाहेर थांबतो. काय निघतंय ते माझ्या कानानं ऐकतो."

आमचे आप्पा, रघुनाथ सुतार, शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्न करायचे. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न बिनचूक असला की त्याच्यावरून हजार नग एकसारखे निघतात. आप्पांचा पॅटर्न कधी परत आला नाही असं फौंड्रीत म्हणायचे. नोकरीबाहेर त्यांचा एकच नाद होता, अल्सेशियन कुत्री. हल्ली सगळे जर्मन शेफर्ड म्हणतात, आप्पा शेवटपर्यंत अल्सेशियनच म्हणाले. नरांना ते फौजेतली नावं द्यायचे. पहिला कॅप्टन. त्याचा मुलगा हवालदार. हवालदारचा मुलगा मेजर.

"बापापेक्षा पोराला बढती दिलीसा की," लोक चेष्टा करायचे.

"त्याची पाठ बघा, मग बोला," आप्पा म्हणायचे.

पाठीचा उतार हा त्यांचा ध्यास होता. खांद्यापासून शेपटीपर्यंत एका रेषेत, कुठं खळगा नाही, कुठं उंचवटा नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की ते त्याला कामाच्या मेजावर उभं करायचे, शेजारी काटकोन तपासायचा गुण्या धरायचे आणि एक डोळा मिटून बघायचे.

त्या मंडळींचा एक रिवाज होता. नराचा मालक पैसे घ्यायचा नाही. वेत झालं की पहिलं पिल्लू निवडायचा हक्क त्याचा. त्याला मान म्हणायचे. मादीचा मालक आणि नराचा मालक तेव्हापासून एकमेकांना व्याही म्हणून हाक मारायचे, आहेर करायचे, एकमेकांच्या घरच्या लग्नात पुढं बसायचे. कागलचे यशवंत साळोखे हे आप्पांचे असे व्याही. पंचवीस वर्षं आप्पांचे नर आणि साळोखेंच्या माद्या. प्रत्येक वेतातून आप्पा सगळ्यात सरळ पाठीचं पिल्लू मान म्हणून उचलायचे आणि मोठं झाल्यावर पुन्हा साळोखेंच्याच घरी सोयरीक करायचे. मेजर असाच मानाचा. त्याच वेतातली त्याची सख्खी बहीण, तारा, साळोखेंकडं राहिली.

मेजर नऊ वर्षांचा असताना उल्हास त्याला सांगलीच्या एका प्रदर्शनाला घेऊन गेला. उल्हासचा मालवाहतुकीचा टेम्पो होता. परत आल्यावर त्यानं घरासमोर फाळका उघडला आणि साखळी सोडली. मेजरनं उडी टाकली, मागचे पाय घसरले आणि तो कमरेवर आपटला. एकदा केकाटला, उठला, अंग झाडलं आणि पाणी प्यायला गेला. त्या रात्री जेवला. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या सायकलीबरोबर पळालाही.

चार-पाच महिन्यांनी फरशीवर आवाज यायला लागला. खर्र, खर्र. मागच्या डाव्या पायाची नखं घासत होती. मग उजव्या. मग वळताना मागचा भाग एकीकडं जायला लागला, दारू प्यायलेल्या माणसासारखा. दिवाळीच्या पाडव्याला मेजर अंगणातल्या रांगोळीवर कोसळला आणि उठेना. सगळे घरात होतो. आप्पा उल्हासकडं वळून म्हणाले, "मोडलास. तीस वर्षांचं काम एका फाळक्यात मोडलास."

"आप्पा, तेव्हा काय झालं न्हवतं त्याला—"

"भायेर हो."

उल्हास बायकोला घेऊन महिनाअखेरीला बाहेर पडला. आप्पा मग त्याच्याशी बोलले नाहीत. वाटेत गाठ पडली तर दुसऱ्या बाजूला बघायचे. आई असती तर वेगळं झालं असतं, पण आई आधीच गेली होती.

डॉ. मुजावर नंतर आल्या. आधीच्या डॉक्टरांनी कमरेला इंजेक्शनं दिली होती, मालिश सांगितलं होतं, काही फरक नव्हता. मुजावर डॉक्टरांनी पहिल्या भेटीत मेजरला उभा केला, पोटाखाली हात घातला आणि मागचं एक पाऊल उलटं करून जमिनीवर ठेवलं. पंजाची वरची बाजू खाली. मेजर तसाच उभा राहिला.

"चांगलं कुत्रं लगेच पाय सरळ करतं," त्या म्हणाल्या. "ह्याला पायाचा पत्ताच नाही. दाबून बघा, दुखतंय का? मार लागला की दुखतं काका. ह्याला दुखत नाही."

"मणका सरकला असंल."

"एक्स-रेत मणके जागेवर आहेत. दुखणं आतलं दिसतंय मला. मणक्यांच्या आत मज्जारज्जू असतो, डोक्याचा निरोप पायाला नेणारी दोरी म्हणा. ती झिजत चाललीय." मग त्यांनी मेजरच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेतला आणि तपासायला पाठवला.

निकाल सांगायला त्या आल्या त्या दिवशी साळोखेही आले होते. मी चहा केला होता. आप्पा मेजरचं डोकं मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते.

"काका, सोपं करून सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "अंगातल्या प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात. एक बापाकडनं येते, एक आईकडनं. ह्या रोगाची एक प्रत खराब असली तर कुत्रं धडधाकट राहतं. जन्मभर कळत नाही. फक्त पिल्लांना पुढं देतं. दोन्ही खराब आल्या, तर म्हातारपणी हा रोग होण्याचा धोका. मेजरच्या दोन्ही खराब आहेत."

"त्याचा बाप बारा वर्षं पळत होता. आई तेरा वर्षं जगली."

"तेच म्हणतेय मी. त्यांच्यात एकेकच असणार. मेजरच्या बापाचा बाप कोण?"

"कॅप्टन."

"आणि आईचा बाप?"

आप्पा मेजरचे कान चोळायला लागले. साळोखे बशीतला चहा संपवून म्हणाले, "कॅप्टनच की. तिची आई आमची लिली, तिला कॅप्टनच दावला होता."

"दोन्हीकडून एकच आजोबा आला, की त्याची खराब प्रत दोन वाटांनी खाली येऊन एकाच पिल्लात भेटू शकते," डॉक्टर म्हणाल्या.

"आता बघा मॅडम," साळोखे हसत म्हणाले, "आमच्यात मामाची पोरगी करत्यात. माझीच बायको मामाची हाय. कुत्र्यास्नी तेवढं पाप व्हय?"

"पाप नाही हो. मी फक्त वाट सांगतेय."

आप्पांनी विचारलं, "दोन्ही खराब असल्या म्हणजे रोग झालाच म्हणायचा?"

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "नाही. दोन्ही खराब असून काही कुत्र्यांना शेवटपर्यंत काही होत नाही. एखाद्याला होतं, एखाद्याला नाही. का, ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही."

"म्हणजे पडल्यामुळं झालेलं असू शकंल."

"मला तसं वाटत नाही. पण नुसत्या ह्या तपासणीवरनं मी नाही म्हणू शकत नाही. खात्री एकाच गोष्टीनं होते. तो गेल्यावर कणा उघडायचा, मज्जारज्जूचे काप जनावरांच्या कॉलेजला तपासायला पाठवायचे. मार असला तर मार दिसेल, झीज असली तर झीज."

आप्पांनी फाटकाकडं बघितलं. "करा," ते म्हणाले. "उघडा त्याला. कुणी केलं ते कळू दे सगळ्यास्नी."

हे मी उल्हासला सांगितलं तेव्हा तो टेम्पोचं चाक बदलत होता. पाना खाली न ठेवता म्हणाला, "कळू दे अक्का. माझं असलं तर माझं. पण एकदा कळू दे."

त्यानंतर दोन महिने मेजर पुढच्या दोन पायांवर अंगण ओढत फिरला. आप्पांनी त्याच्या मागच्या भागासाठी लाकडी गाडा केला, पोरांच्या सायकलच्या चाकांचा. तो बिनचूक होता. शेवटी पुढचे पायही गेले आणि गाडा शेडमध्ये टांगला गेला.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा मेजर ओट्यावर सतरंजीवर होता. छाती अजून रुंद, डोकं दणकट, आणि कमरेच्या मागं दोन काटक्यांना केस चिकटवल्यासारखं. आप्पा त्याला कंगव्यानं विंचरत होते. मी आणलेला बर्फ त्यांनी घेतला नाही.

"डॉक्टर नऊला येत्यात," मी म्हटलं.

"हं."

"आप्पा, पाठीवर बर्फ ठेवायला सांगितलाय."

"थंडीनं त्याला तरास व्हायचा," ते म्हणाले आणि विंचरत राहिले.

उल्हास आला. टेम्पो लांब लावून चालत आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला, म्हणाल्याप्रमाणे. त्यानं चपला काढल्या होत्या. तिथूनच तो मेजरकडं बघत होता. शेजारच्या शेवंताकाकू कंपाउंडवरून डोकावून गेल्या. "पोराला आत तरी घ्या हो," म्हणाल्या. आप्पांनी ऐकल्याचं दाखवलं नाही.

मग आप्पा उठले. शेडमध्ये गेले आणि टिकाव आणि फावडं घेऊन आले. लिंबाच्या बुंध्याला दोन्ही टेकवलं. आणि फाटकाकडं तोंड करून म्हणाले, "उल्हास."

उल्हासनं मान वर केली.

"आत ये. लिंबाखाली खण. कमरंएवढं खोल घे, न्हाई तर कुत्री उकरत्यात."

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर मी मध्ये उभी राहिले. "आप्पा, डॉक्टर इचलकरंजीतनं निघाल्यात."

"त्यांना नको म्हणून फोन कर."

"तुम्हीच उघडा म्हणाला होता."

"त्याला फाडायचं न्हाई मला. हाल झालं तेवढं बास झालं."

"उल्हासचं काय मग?"

आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्याला सांगितलंय की मी काय करायचं ते."

उल्हास आत आला होता. त्यानं आधी मेजरच्या डोक्यावर हात ठेवला, मग शर्ट काढून तुळशीकट्ट्यावर ठेवला. मी त्याच्या हातातला टिकाव धरला.

"उल्ह्या, थांब. दोन तासांचा प्रश्न आहे. आज पुरलास तर पुन्हा कधी कळायचं नाही. जन्मभर तुझ्याच नावावर राहील."

"अक्का, सोड."

"अरे पण—"

"आप्पा बोलले माझ्याशी," तो हळू म्हणाला. "नावानं हाक मारली. ऐकलीस न्हवं?"

मी टिकाव सोडला.

जमीन मुरमाड होती. उल्हास खणत होता आणि आप्पा खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून सांगत होते. "डावीकडं घे. मूळ तोडू नको. कड उभी ठेव." तसं ते आम्हाला लहानपणी रंधा कसा धरायचा ते सांगायचे. एकदा उल्हासच्या तळव्याला फोड आला तेव्हा आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्याकडं टाकला. "गुंडाळ." उल्हासनं गुंडाळला. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते, पण बोलत होते.

त्यांनी मेजरला सतरंजीसकट उतरवला. मागची बाजू उल्हासनं धरली होती.

डॉक्टर आल्या तेव्हा उल्हास फावड्यानं माती थापत होता. त्यांच्या खांद्याला बॅग आणि हातात बर्फाचा डबा होता. त्या लिंबाकडं बघत फाटकातच थांबल्या.

"काका, हे काय?"

"चहा घ्या डॉक्टरीणबाई."

"आत्ताच पुरलाय. अजून काढता येईल," त्या मला म्हणाल्या, मग आप्पांना. आप्पा हाताची माती झटकत राहिले तसं त्या उल्हासकडं वळल्या. त्यांना सगळं माहीत होतं. "तुम्ही सांगा. तुमच्यासाठीच होतं ना हे? मला अर्धा तास पुरे."

उल्हासनं फावडं टेकलं. तो घामानं निथळत होता. आप्पा त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते, त्या दिवशी पहिल्यांदाच.

"नको मॅडम," उल्हास म्हणाला. "राहू दे त्याला."

डॉक्टर चहा न घेता गेल्या. जाताना फाटकाशी मला म्हणाल्या, "तुमच्या भावाला समजलं नाही की जास्त समजलं?" मी फाटक लावून घेतलं.

मागं आप्पा म्हणत होते, "हात धू. जेवून जा."

महिन्याभरात उल्हास बायकोला घेऊन घरी राहायला आला. पाडव्याचं ते बोलणं पुन्हा कुणी काढलं नाही. पण कुणी मेजरची चौकशी केली की आप्पा सांगायचे, "टेम्पोतनं पडला, तिथनं कमरंत गेला." उल्हास तिथंच असायचा. तो मान हलवायचा.

त्या उन्हाळ्यात साळोखेंकडं वेत झालं. ताराची लेक आणि मेजरचा लेक, आप्पांनी फौंड्रीतल्या एकाकडं वाढवायला दिलेला. आप्पा कागलला जाऊन मानाचं पिल्लू घेऊन आले. गुण्या लावला, डोळा मिटला, आणि पिल्लू उल्हासच्या हातात दिलं. "सुभेदार," ते म्हणाले. "आता हे तुझं." उल्हास ते पिल्लू शर्टात घालून गावभर फिरला. मी त्याला तेवढा आनंदात आधी कधी पाहिला नव्हता, लग्नातही नाही.

आप्पा पाच वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारपणात उल्हासनंच त्यांचं सगळं केलं.

गेल्या महिन्यात साळोखे मी नोकरी करते त्या पोस्टात आले. ऐंशी ओलांडलेत, नातू हात धरून आणतो. काउंटरवर मी दिसल्यावर बाजूच्या बाकावर बसून राहिले. गर्दी कमी झाल्यावर मी पाणी घेऊन गेले.

"व्याह्यांची आठवण येती," ते म्हणाले. "आमची ताराबी तशीच गेली, तुला ठावं हाय काय?"

"कशी?"

"मेजरसारखीच. मागनं." त्यांनी हातानं फरशी घासून दाखवली. "मेजर जायच्या आधी आठेक दिवस मी तुमच्या आप्पास्नी फोन केला. म्हटलं, व्याही, ताराबी पाय घासाय लागली. ती घराच्या भायेर गेली न्हाई कधी, पडायचं लांबच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या त्येच खरं दिसतंय."

"आप्पा काय म्हणाले?"

"मला वाटलं फोन कटला. मग म्हणालं, साळोखे, उल्हासला हे बोलू नका."

नातू पासबुक घेऊन आला. साळोखेंनी त्याला हातानं थांबवलं.

"मी शब्द दिल्ता. आता व्याही न्हाईत, माझं काय आज हाय उद्या न्हाई. म्हणून तुला सांगून ठेवतो."

"मग त्यानंतर पिल्लू कशाला दिलंत काका? ताराच्याच लेकीचं?"

"मानाचं पिल्लू नको कसं म्हणायचं? त्यांनी सोताच उचललं," साळोखे म्हणाले. "म्हणालं, एखाद्याला हुतंय, एखाद्याला न्हाई."

मी हे उल्हासला सांगावं की नाही याचा विचार करत होते. तो आता पन्नाशीला आलाय, टेम्पो विकून किराणा दुकान टाकलंय. आप्पांचा फोटो गल्ल्यावर आहे.

गेल्या शनिवारी त्याचाच फोन आला.

"अक्का, सुभेदार मागचा डावा पाय घासतोय."

मी खुर्ची ओढून बसले.

"कालपासनं आठवून बघतोय," तो म्हणाला. "गेल्या पावसाळ्यात दुकानाच्या पायरीवरनं घसरला होता बघ. शटर मीच उघडं ठेवलं होतं. त्येचंच असंल काय गं?"

"डॉक्टरांना दाखवूया," मी म्हटलं.

सोमवारी डॉ. मुजावर दुकानात आल्या. आता त्या चष्मा लावतात. त्यांनी सुभेदारचं पाऊल उलटं करून जमिनीवर ठेवलं आणि वाट बघितली. उल्हासही वाकून बघत होता. सुभेदार तसाच उभा राहिला, शेपटी हलवत.

त्याच्या गालाचा नमुना त्याच दिवशी गेला. उल्हास डॉक्टरांना रोज फोन करून विचारतो. ताराचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. निकाल अजून आलेला नाही.